चिंधी आणि अकरा बॉबिनी

माझ्या शिलाई मशीनच्या बॉबिनी एकेक करून नाहीशा व्हायला लागल्या, तेव्हा पहिला संशय मी शिकायला येणाऱ्या मुलींवर घेतला. साताऱ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी गेली ३१ वर्षं ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. बॉबिन ही कुणी चोरून न्यावी अशी वस्तू नव्हे. तरी पंधरा दिवसांत डब्यातल्या सोळांपैकी पाचच उरल्या. गणपतीच्या आधीची आवराआवर निघाली, गव्हाची कोठी पुढे ओढली, तर मागे भिंतीच्या कडेला सगळा ऐवज एका जागी मांडलेला. अकरा बॉबिनी, निळ्या खडूचा तुकडा, सासूबाईंच्या जपमाळेचा लाल गोंडा. आणि कोठीवर, शेपूट पायांभोवती गुंडाळून, साडेतीन महिन्यांची चिंधी बसलेली. मी एक बॉबिन उचलली की तिचं डोकं माझ्या हाताबरोबर वर यायचं, डब्यात टाकली की डब्याकडे वळायचं. ती मोजत होती म्हटलं तर जास्त होईल, पण लक्ष पुरतं होतं.

त्यातल्या एका बॉबिनीवरचा दोरा सुटून अर्धा झाला होता. उरलेला कुठे गेला, हे मी त्या दिवशी पाहिलं नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

रस्त्यावरचं पिल्लू घरात घेतलं की येणारा-जाणारा दोन गोष्टी हमखास सांगतो: याला काय खायला घालावं, आणि याच्या खोड्या कशा मोडाव्यात. पहिल्या गोष्टीत शिकण्यासारखं खूप आहे. दुसरीबद्दल माझं मत या वर्षभरात पक्कं झालंय. खोडी हे त्या पिल्लाचं काम आहे, रोजचा अभ्यास आहे. तो मोडायला जाऊ नये. त्याला जागा करून द्यावी आणि घर त्याप्रमाणे आवरावं.

चिंधी आली जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. मृगाचा पाऊस लागून राहिला होता. जिन्याखालच्या अडगळीतून रात्रभर बारीक, चिरका आवाज येत होता. सकाळी बॅटरी घेऊन वाकले, तर जुन्या पोत्यावर मुठीएवढं पिल्लू. मी हात पुढे केला तशी मागून सासूबाईंची हाक आली, "अगं, उचलू नकोस. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. हे तिचं पाचवं-सहावं असेल. येईल ती."

त्यांचं म्हणणं खरं होतं. मांजरी धोका वाटला की जागा बदलते आणि मानेची कातडी तोंडात धरून एकेक पिल्लू हलवते. एक नेलं, दुसरं न्यायला यायला वेळ लागतो. शिकारीला गेली तर काही तास फिरकत नाही. एकटं दिसलेलं पिल्लू पोरकंच असतं असं नाही, आणि आपण दया येऊन उचलतो तेव्हा कितीदा तरी आई असलेलं पिल्लूच पळवत असतो. माणसाचा हात लागला म्हणून मांजरी पिल्लू टाकते, हा समजही खोटा आहे. पण ती येते की नाही हे कळायला आपण दूर राहायला हवं. मी पोत्याभोवती तांदळाच्या पिठाचं जाडसर रिंगण घातलं आणि घरात आले. जिन्याखाली कोरडं होतं. दर तासाला लांबून बघत होते. संध्याकाळपर्यंत पिठावर मुंग्यांची एक रांग उमटली आणि त्या पिल्लाचे स्वतःचे चार-सहा ठसे. मोठा पंजा एकही नाही. आवाज बसत चालला होता. तेव्हा मी ते उचललं.

अंग गार होतं. मी दूध तापवायला ठेवलं आणि पशुवैद्य डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आधी ऊब, मग अन्न. गार पडलेल्या पिल्लाला काही पाजायचं नाही, पचत नाही." एवढ्याशा पिल्लाला स्वतःचं तापमान टिकवता येत नाही. मांजराचं अंग एरवी आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. गरम पाण्याच्या बाटलीला टॉवेल गुंडाळून मी ती कापडाच्या तुकड्यांच्या पिशवीत ठेवली आणि शेजारी पिल्लू. तासाभराने बघते तर ते बाटली सोडून चिंध्यांत पार आत घुसलेलं, बाहेर फक्त एक कान. नाव तिथेच पडलं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर तिचं वजन केलं. ५४० ग्रॅम. मांजराचं पिल्लू पहिल्या काही महिन्यांत आठवड्याला साधारण शंभर ग्रॅमने वाढतं, म्हणजे वय पाच-साडेपाच आठवडे. डॉक्टरांनी ओठ वर करून दात पाहिले; दाढा नुकत्या फुटत होत्या. त्यांनी वयाचा तोच अंदाज सांगितला आणि म्हणाल्या, "वेळेवर सापडली." माणसाची सवय लागायचा मांजराचा काळ फार थोडा असतो, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा. अमेरिकेत एलीन कार्श या संशोधक बाईंनी १९८० च्या दशकात हे दाखवून दिलं. त्या काळात रोज माणसाने हाताळलेलं पिल्लू मोठेपणी माणसाजवळ येतं. तो काळ बाहेर, माणसावाचून गेला, की पुढे खूप धीर धरावा लागतो. चिंधीला तेवढा एक-दीड आठवडा उरला होता. मग मी मशीनवर बसले की ती मांडीवर. शिकायला येणाऱ्या मुली आळीपाळीने तिला हातात घ्यायच्या.

अंगावर पिसवा भरपूर होत्या. लहान पिल्लाच्या रक्तावर पिसवा जगल्या तर पिल्लू पांढरंफटक पडतं, जीवही जातो. डॉक्टरांकडे जायच्या आधी मी एका दुकानातून पिसवांचं औषध आणलं होतं. डॉक्टरांनी डबी हातातून घेतली, मागचा बारीक मजकूर वाचला आणि बाजूला ठेवली. ते कुत्र्यांचं होतं, परमेथ्रिन असलेलं. कुत्र्याला चालतं, मांजराला विष. मांजराच्या यकृताला कितीतरी औषधं मोडता येत नाहीत. आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला मारते, अर्धीसुद्धा. हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं, कारण ताप आलेल्या पिल्लाला प्रेमाने गोळी देणारी माणसं मी पाहिली आहेत. पिसवांवर त्या आठवड्यात आमचा उपाय होता उवांची बारीक फणी. मानेपासून शेपटीपर्यंत विंचरायचं आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची. सासूबाईंनी हे काम आपणहून मागून घेतलं. चार मुलींच्या वेण्या घातलेला हात होता तो.

सासूबाईंचं वेगळं सांगायला हवं. त्या ७८ वर्षांच्या, गळ्यात तुळशीची माळ. ज्ञानोबांची पालखी आमच्या जिल्ह्यात आली की लोणंदपासून फलटणपर्यंत त्या चालत जायच्या, वर्षानुवर्षं. यंदा गुडघ्यांनी नाही म्हटलं होतं. त्या फार बोलत नव्हत्या. घरात मांजर नको, असं त्यांनी पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. केसांनी दमा होतो म्हणून. मी डॉक्टरांना विचारलं. ॲलर्जी होते ती मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनाने. मांजर अंग चाटतं, ते केसाला लागतं आणि केसाबरोबर उडतं. ज्याला त्रास व्हायचा त्याला होतोच, पण सगळ्यांना नाही. सासूबाईंना झाला नाही.

मग प्रश्न आला खाण्याचा. आपल्याकडे मांजर म्हटलं की दूध-चपाती. मीही तीच कालवली होती आणि दुसऱ्या दिवशी चिंधीला पातळ जुलाब झाले. गाईम्हशीच्या दुधातली साखर मांजराला नीट पचत नाही, आणि एवढ्या लहान पिल्लाचं अंग जुलाबाने दिवसात सुकतं. अगदी तान्ह्या पिल्लांसाठी मांजराच्या दुधाची वेगळी भुकटी मिळते. चिंधीचं वय ते ओलांडत आलं होतं, तिला मऊ खाणं हवं होतं. आणि ते खाणं मांसाचंच हवं होतं. टॉरिन नावाचा एक घटक मांजराचं शरीर स्वतः पुरेसा बनवू शकत नाही. तो मांस-मासळीतून यावा लागतो. तो नसेल तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७० च्या दशकात कळलं. हृदय कमजोर होऊन पसरतं, हे १९८७ मध्ये पॉल पायन यांनी दाखवलं. कुत्रं निगुतीने शाकाहारावर राहू शकतं. मांजर नाही. दूध-चपातीवर वाढलेली मांजरं जगतात ती बाहेर उंदीर-पाली मारून.

आमच्या घरात मांस शिजत नाही. मी दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच विचारलं, "डॉक्टरीण काय म्हणाली खाण्याचं?" मी सांगितलं. त्या पिल्लाला फणी फिरवत होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, "माळ माझ्या गळ्यात आहे, तिच्या नाही. मागच्या पडवीत शेगडी मांड. पातेलं वेगळं ठेव." तेव्हापासून मागच्या पडवीत एक पातेलं आहे. त्यात मीठ-मसाल्याशिवाय कोंबडीचं मांस उकडतं. कांदा-लसूण तर नाहीच, तो मांजराच्या रक्ताला घातक. बाकी पोट दुकानातल्या पिल्लांच्या कोरड्या खाण्यावर. त्यात टॉरिन मोजून घातलेलं असतं, त्यामुळे नुसत्या मांसापेक्षा ते भरवशाचं. पोट लहान, म्हणून दिवसातून चार वेळा थोडं थोडं.

शी-शूचं मात्र काहीच शिकवावं लागलं नाही. एका पसरट घमेल्यात बांधकामाची चाळलेली वाळू घातली, तिला एकदा त्यात उभी केली. तिने उकरलं, बसली, झाकलं. घमेलं खाण्यापासून लांब हवं आणि रोज साफ व्हायला हवं. माझी भाची गरोदर होती, ती राहायला आली तेव्हा डॉक्टरांनी तिला घमेल्याला हात लावायचा नाही असं सांगितलं. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू येऊ शकतो, तो पोटातल्या बाळाला बाधतो. पण विष्ठेतून पडल्यावर तो लागट व्हायला किमान एक दिवस जातो. दुसऱ्या कुणी रोज स्वच्छता केली तर मांजर घराबाहेर काढायची गरज नसते.

लशींबद्दल थोडक्यात. आठ आठवड्यांची झाल्यावर तिला तीन रोगांची एकत्र लस दिली, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. त्यातला एक रोग कुत्र्यांच्या पार्व्होचा भाऊबंद आहे. त्याचा विषाणू वर्षभरसुद्धा जमिनीवर टिकतो, चपलेला लागून घरात येतो आणि पिल्लांचा घास घेतो. तीन महिने झाल्यावर रेबीजची. त्याच्या आधी, जुलैत, तिने मला खेळता खेळता बोचकारलं होतं. बारीक ओरखडा, रक्तही आलं नाही. मी नळाखाली हात धरून साबणाने घड्याळ लावून १५ मिनिटं धुतला आणि सरकारी रुग्णालयात जाऊन ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी लस घेतली. शेजारणीने हळद लावायला सांगितलं होतं. रेबीज एकदा उमटला की त्याला औषध नाही. लस न टोचलेल्या, रस्त्यावरून आलेल्या जनावराच्या बाबतीत इथे कुणीही अंदाजाने चालू नये.

आता खोड्या. माझ्या मशीनला उजव्या बाजूला लाकडी खण आहे, बॉबिनींचा डबा त्यात असतो. चिंधी तो उघडायची. मी हे चोरून पाहिलं. मी चहाला आत गेले असं तिला वाटलं, आणि मी पडद्याआड उभी राहिले. ती स्टुलावर चढली. आधी खणाच्या फटीशी नाक नेलं. मग उजवा पंजा चपटा करून फटीत सारला, नख्या आतून वळवून पकड घेतली आणि अंग मागे टाकलं. खण बोटभर सरकला. थांबली. दाराकडे पाहिलं. पुन्हा ओढला. पंजा आत घालून चाचपलं, पत्र्याच्या बॉबिनीला नख लागल्याचा टिक असा आवाज आला. ती वर काढली, तोंडात धरली आणि खाली उतरून कोठीकडे चालती झाली. खण मी नेहमी खालच्या कडेला बोटं घालून ओढते. तिने तसाच ओढला, त्याच कडेला धरून.

हे बघून शिकणं आहे. मुलाने मला पुण्याहून एका प्रयोगाची माहिती पाठवली. पुढे स्त्रीवादी लेखिका म्हणून जगभर नाव झालेल्या फिलिस चेस्लर यांनी १९६९ साली तो प्रसिद्ध केला होता. दांडी दाबली की खाऊ मिळतो, हे पिल्लांना शिकायचं होतं. ज्या पिल्लांनी आईला दांडी दाबताना पाहिलं ती लवकर शिकली, ज्यांनी परक्या मांजरीला पाहिलं त्यांना जास्त दिवस लागले, आणि ज्यांना काहीच दाखवलं नाही ती शिकलीच नाहीत. पिल्लू आईकडे बघून शिकतं. आई नसेल तर जे कोणी समोर असेल त्याच्याकडे बघतं. चिंधीसमोर दिवसाचे दहा तास मी होते, खण उघडणारी आणि लावणारी.

आणि चोरी कशासाठी? दबा धरणं, झेप घालणं, पकडणं, तोंडात धरून आडोशाला नेणं. उंदराचं जे करायचं तेच ती बॉबिनीचं करत होती. सात-आठ आठवड्यांनंतर पिल्लांचा वस्तूंशी खेळ झपाट्याने वाढतो, तो याच शिक्षणासाठी. त्यात मारून काही होत नाही. तिला एवढंच कळतं की हा हात कधी कधी मारतो. मग ती हातालाच घाबरते आणि खण तुम्ही नसताना उघडते. हाताची बोटं मात्र खेळायला द्यायची नाहीत, मीही पहिला महिनाभर दिली होती. पिल्लाला तेच भक्ष्य वाटायला लागतं. काठीला जाड पट्टी शिवून घ्यावी आणि ती नाचवावी.

गादीची खोळ ओरबाडायची, त्यावर फळीला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून ती भिंतीला उभी ठोकली. मांजर ओरबाडतं ते नखांची वरची जुनी टरफलं निघावीत म्हणून, अंग ताणायला आणि पंजातला स्वतःचा वास जागेला लावायला. फळी तिच्या झोपायच्या जागेशेजारी ठोकली तेव्हाच ती वापरायला लागली. उठल्या उठल्या तिला अंग ताणायचं असतं. देव्हाऱ्यातली समई तिने एकदा कलंडवली. त्यानंतर समई पेटलेली असेल तोवर दार लावायचं, हा नियम झाला. गॅलरीला जाळी मारली. मांजर पायांवर पडतं हे खरं आहे, पण पायांवर पडूनही जबडा आणि बरगड्या मोडतात.

पहाटेचा धुमाकूळ मात्र माझ्याकडून सुटला नव्हता. मांजराचं अंग पहाटे आणि तिन्हीसांजेला जागं होतं, कारण त्याचं भक्ष्य तेव्हा फिरतं. साडेचारला चिंधी घरभर दौडायची. त्या वेळी आमच्या घरात दुसरं एकच माणूस जागं असतं. एकदा मी पाणी प्यायला उठले, तर सासूबाई पलंगावर बसून काकड आरती म्हणत होत्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ते टोक अंधारात जमिनीवर इकडून तिकडे सरकवत होत्या. चिंधी त्यावर झेपा घालत होती. टाळ मात्र त्यांनी कपाटात ठेवले होते. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६० हजारांच्याही वरचा. टाळाचा तो किणकिणाट चिंधीला किती बोचत असेल! टाळ वाजले की ती पलंगाखाली जायची. कारण मी नंतर वाचलं. सासूबाईंना ते न वाचताच कळलं होतं.

चिंधीच्या अंगावर पांढऱ्यात काळे आणि तांबडे तुकडे आहेत, उरलेल्या कापडाची गोधडी शिवावी तसे. डॉक्टरांनी शेपूट न उचलताच मादी म्हटलं होतं. तांबडा की काळा, हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीला एक्स दोन, बोक्याला एक. म्हणून दोन्ही रंग एका अंगावर आले तर ती मादीच, क्वचित एखादा अपवाद. गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशी दोनांपैकी एक एक्स मिटवून टाकते. जिने तांबडा मिटवला तिच्यापासून काळा तुकडा होतो, जिने काळा मिटवला तिच्यापासून तांबडा. एक्स असा मिटतो ही कल्पना मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडली. तांबड्या रंगाचं ते जनुक नेमकं कोणतं, हे मात्र २०२५ साली जपान आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. कोणती पेशी काय मिटवेल याचा नेम नसतो. २००१ च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमध्ये पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्मलं. ज्या मांजरीच्या पेशीवरून ते केलं ती तिरंगी होती. पिल्लाच्या अंगावर तांबडा रंग अजिबात आला नाही. कापड तेच, बेतलं तेच, आणि गोधडी वेगळी. चिंधीसारखी दुसरी कुणाला करता येणार नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

कोठी ओढली त्याच्या तिसऱ्या दिवशी चिंधीने दोनदा ओकारी काढली. दुपारी खाल्लं नाही. मी खण मुद्दाम उघडा ठेवला, ती आली नाही. खण उघडा आणि चिंधी कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसलेली, हे बघून माझ्या हातातलं काम सुटलं. खोड्या थांबल्या की मांजर आजारी असतं. आजार लपवणं हा त्याचा स्वभाव आहे, पण खोडीचं सोंग त्याला आणता येत नाही.

डॉक्टरांनी तिचं तोंड उघडलं आणि जबड्याखालून अंगठ्याने वर दाबलं. जीभ उचलली गेली. जिभेच्या मुळाशी, खालच्या बाजूला, एक पांढरी रेघ होती. दोरा. माझा पॉलिस्टरचा, चाळीस नंबरचा. मध्येच जिभेखाली अडकला होता आणि दोन्ही टोकं घशात गेली होती. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. हाडावरचं मांस खरवडायला, अंग विंचरायला ते उपयोगी, पण दोरा एकदा त्यांना लागला की मांजराला तो थुंकता येत नाही, आत आतच जातो. माझा हात आपसूक पुढे गेला. डॉक्टरांनी तो धरला. "ओढायचा नाही. कधीच नाही. झालर करताना तुम्ही दोऱ्याचं एक टोक पक्कं करून दुसरं ओढता, तेव्हा कापडाचं काय होतं?"

चुण्या पडतात. एक टोक अडकलेलं असतं, आतडं दोऱ्याला पुढे ढकलत राहतं, तो सरकत नाही, मग आतडंच दोऱ्यावर गोळा होत जातं. पुढे दोरा चुणीच्या आतल्या कडेला आतडं कापतो. शेपटीखालून दोरा बाहेर लोंबताना दिसला तरी तो ओढायचा नाही. सुई असेल तर क्ष-किरणात दिसते, दोरा दिसत नाही. चुण्यांवरून अंदाज घ्यायचा. ३१ वर्षं मी झालरी केल्या. त्या दिवशी मला ते आतून समजलं.

दिरांची गाडी घेऊन, भाजीच्या बुट्टीवर जाळी बांधून, त्याच रात्री आम्ही तिला पुण्याला नेलं. पोट आणि आतडं दोन ठिकाणी उघडावं लागलं. निघालेला दोरा मी मागून घेतला आणि टेपवर मोजला. १७ इंच. खर्च १४ हजार रुपये आला, ते माझं दिवाळीच्या आधीच्या दोन महिन्यांचं काम होतं. गल्लीतल्या एका गृहस्थांनी सांगितलं की एवढ्यात तर मंडईत सोडून आला असता, मासळीवाल्यांकडे जगली असती. त्यांना मी सांगितलं ते इथेही लिहिते. पाळलेलं जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पिल्लू घरात घ्यायचं तर पुढची बारा-पंधरा वर्षं घ्यायचं, आणि त्यातली एखादी रात्र अशी येणार हे धरून घ्यायचं.

तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना मी टाके पाहिले. पोटावर दीड इंचाची शिवण. सलग धावदोरा नाही. प्रत्येक टाका सुटा, प्रत्येकाला वेगळी गाठ, दोन टाक्यांत दाण्याएवढं अंतर. एक उसवला तरी बाकीचे धरून राहतील, म्हणून. कातडीची कड कुठे मुडपलेली नव्हती. मी चांगली शिवण ओळखते. ती बघताना माझे डोळे भरून आले.

ती टाके चाटणार, म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू घालायला दिला होता. तो घालून तिला पाणी पिता येईना, दाराच्या चौकटीला धडकायची. मी पांढऱ्या रुबियाचा तुकडा घेतला, तिच्या पाठीचं माप घेतलं, चार पायांना चार भोकं, पोट पूर्ण झाकलेलं, पाठीवर नाडीच्या तीन गाठी, शेपटीखाली मोकळं. पहिल्या सदऱ्यात खांदे आखडले, दुसरा बरोबर बसला. टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि तीन मापांत सहा शिवून मागितले. आता मी ते नेमाने शिवते. नोव्हेंबरात चिंधीची नसबंदी झाली, तेव्हा तिला तिसरा लागला, एक माप मोठा. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते आणि दोन महिन्यांत व्यायते. जिन्याखाली पुन्हा कुणी रात्रभर ओरडू नये असं वाटत असेल, तर ते ऑपरेशन टाळायचं नाही.

खण आता कडीचा आहे. दोऱ्याची रिळं पत्र्याच्या डब्यात, सुया चुंबकावर, जमीन दर तासाला झाडायची. मुलींना हे शिवण शिकवायच्या आधी शिकवते. रिकाम्या, दोरा नसलेल्या चार बॉबिनी चिंधीला दिल्या आहेत. त्या कोठीमागे जातात, दर रविवारी मी काढून आणते.

सासूबाईंनी गेल्या महिन्यात चिंध्यांचा उंदीर शिवायला घेतला. शेपूट लोकरीची करायची नाही, कापड दुमडून करायची आणि पाठीतच शिवून टाकायची, हे त्यांनीच ठरवलं. मोतीबिंदूमुळे सुईचं भोक त्यांना दिसत नाही. परवा संध्याकाळी सुई घेऊन माझ्याजवळ आल्या, मागे चिंधी.

"दोरा ओवून दे," म्हणाल्या. "आणि डबा आधी लाव."